जीपला भार द्यायला बसले तेव्हा

मागच्या बुधवारी सकाळी मी आमच्या अंगणातल्या जुन्या जीपमध्ये जाऊन बसले. एकटीच. गाडी कुठे निघाली नव्हती... इंजिन बंद, आणि खाली रोशन मिस्त्री पाना घेऊन पाठीवर पडलेला.

हसू नका, आधी ऐका. मला अक्षर येत नाही. मी नागभीडजवळच्या आमच्या गावातून फोनवर बोलते आणि नात प्रणाली पुण्यात बसून लिहिते. माझ्या 'मले'चं ती 'मला' करून टाकते... शिकलेली आहे, चालायचंच.

तर माझी मोठी बहीण कुरखेड्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावी असते. तिने अंथरूण धरल्याचा निरोप आला. तिला ऐकू येत नाही, म्हणजे फोन बाद. भेटायचं तर जावंच लागतं, आणि आता नाही गेलं तर मग कधी...

बस फाट्यापर्यंत जाते. पुढची वाट पायी, आणि त्या वाटेवर सध्या वाघ फिरतोय. मला खाऊन त्याचं काही पोट भरणार नाही, पण त्याला हे समजावणार कोण?

म्हणून बुढ्याची जीप. बुढा म्हणजे प्रणालीचा आजा. तो होता तोवर मी 'अहो' म्हणायची, आता बुढा म्हणते... आता काय ओरडणार आहे? जन्मभर त्याने ह्याच जीपवर सवाऱ्या वाहिल्या. तो गेल्यापासून तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.

रोशन नागभीडचा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला. गाडी तोच चालवणार होता. आधी पुलापर्यंत एक फेरी मारून आला आणि तोंड वाकडं करून उतरला.

"बाई, पाट्याचे बोल्ट ढिले झाले. खड्ड्यात गेली का खाडखाड वाजते. अशी गाडी जंगलात नाई नेणार मी."

"मंग आवळ ना. मिस्त्री हायेस का पावना?"

आता आमच्या घरची रीत सांगते. बुढा बोल्ट आवळायला गाडीखाली शिरला की सगळ्या घराने गाडीत जाऊन बसायचं. पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा; त्यांच्यावर माणसांचा भार असतानाच बोल्ट आवळायचे, नाहीतर ते पुन्हा ढिले होतात, असं तो म्हणायचा.

मग हातातली कामं टाकून मी, सासू, पोरं, सगळे आत. सासू तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायची, पोरं खिडकीच्या जागेवरून भांडायची, मी सासूचं न ऐकल्यासारखं करायची. खालून मधूनच आवाज यायचा, "कोन हलून राह्यलं बे?"

बुधवारी रोशन खाली शिरला आणि मी भार शोधायला निघाले. गल्लीत चिटपाखरू नाही, सगळे धान चुरायला, म्हणजे मळणीला गेलेले. पोरं पुण्याला, हैदराबादला... त्यांना काय सांगू, जीपमध्ये बसायला या?

शेवटी मीच चढले. आधी कडेला बसले, मग म्हटलं गाडी एका अंगाला कलेल, म्हणून मधोमध सरकले. माझं वजन ते किती, रिकाम्या ओल्या पोत्याएवढं... तरी अंग जड करून बसले. त्या बाकावर एवढी जागा आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"बाई, वर काय करून राह्यल्या?" खालून रोशन.

"भार देऊन राह्यली. दिसत नाई का?"

पाना थांबला. मग तो हसायला लागला. "गाडीचा सोताचा भार का कमी हाये? चाकं भुईवर टेकली पायजेत, बस. जॅकवर चढवून आवळू नये, एवढंच. मानसं कायले पायजेत?"

बुढ्याने ही गाडी डोळे मिटून खोलून जोडली असती. त्याला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. म्हणजे मेल्याने आम्हाला सगळी वर्षं फुकट बसवलं!

रागारागाने मी उतरायला लागले, तर खालून आवाज आला.

"बसा ना बाई. इथी खाली एकट्याले करमत नाई. बोला काई तरी."

माझा एक पाय बाहेर, एक आत... तशीच थांबले.

बुढा दिवसभर परक्या माणसांना वाहायचा. घरी यायचा तेव्हा पोरं झोपलेली असायची. सगळं घर एका जागी बसलंय, भांडतंय, आणि आपण ते ऐकतोय... हे सुख त्याला फक्त गाडीखाली मिळत होतं. तोंडाने मागायला जीभ रेटली नसेल, म्हणून बोल्टचं निमित्त.

मी परत आत बसले. रोशनला बहिणीचं सांगत राहिले, मला पाठीवर घेऊन ती मोहफुलं वेचायला कशी न्यायची ते. तो खालून हूं हूं करत होता. बोल्ट केव्हाच आवळून झाले असावेत... पण गोष्ट संपेपर्यंत तो बाहेर आला नाही.

दुपारी बहिणीकडे पोचलो. तिला एक शब्द ऐकू आला नाही, तरी मी ऊन उतरेपर्यंत तिच्या खाटेवर बसून बोलत होते. निघायला उठले की ती माझा पदर धरायची.

परत आलो, रोशन चहा पिऊन गेला, घराला नेहमीची शांतता आली. बोल्ट घट्ट होते, कुणाच्या भाराची गरज नव्हती... तरी मी जरा वेळ जीपमध्येच बसून राहिले.

रोशनभाऊ, तुझे उपकार. आणि बुढ्या, तुझेही... पण एकदा तोंडाने म्हटलं असतंस, तर मी रोज येऊन बसले असते.