तिसऱ्या माणसाचा रोट

ती घटना मला आजही आठवते, ती सव्वा मूठ गव्हामुळे.

मी तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शिरपूरच्या कोर्टातून तारीख करून परतताना मोटारसायकल चोरीतला एक कच्चा कैदी सोनगीरजवळच्या हॉटेलातून पळाला. सोबतच्या हवालदारांनी जेवण्यापुरती त्याची बेडी काढली होती. त्यांना सगळे आबा म्हणत. निवृत्तीला सात महिने उरले होते.

"डाव्या हातानं जेव, असं कसं म्हणू साहेब?" एवढेच ते माझ्यापुढे बोलले. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटले. कैद्यावर पलायनाचे कलम २२४ लागले, आबांवर निष्काळजीपणाचे २२३. आबा निलंबित झाले. कैदी सापडला नाही तर नोकरीवर पाणी सोडावे लागणार, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. कैदी सुरतला पोचला म्हणे. पथक निघायच्या तयारीत होते. मी त्यांना थांबवले आणि आधी पिंपळनेरकडच्या त्याच्या गावी गेलो. पळालेला माणूस लांब जातो हा आपला समज. माझा अनुभव असा, की तो ओळखीच्या दाराभोवतीच घुटमळतो.

घरी वडील आणि थोरला भाऊ होते. तो आला होता का, यावर दोघांनी पाठ केल्यासारखे एकच उत्तर दिले, "नही उना." आई ओसरीवर गहू निवडत होती. खानदेशातला श्रावणातला देवीचा सण, कानबाई, दोन दिवसांवर आला होता. देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. ते रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत. मी मुलाचे नावच काढले नाही, फक्त रोट किती जणांचा ते विचारले.

"अक्का, कितला जणसना रोट?"

"तीन जणसना."

"आणि मागला साल?"

तिचा हात सुपात थांबला. मागच्या श्रावणात मुलगा तुरुंगात होता. खाणारा नसेल तर त्याची मूठ घेत नाहीत, हे तिला माहीत होते आणि मलाही.

"दोन," ती खाली बघत म्हणाली. "कानबाईना गहू हातमा शेतस, भाऊ. खोटं कसं बोलू?"

सुरतचे पथक मी रद्द केले. रविवारी साध्या कपड्यांत आम्ही चौघे गावात थांबलो. आरती सुरू झाली तसा तो मागच्या दाराने आला. आरती संपेपर्यंत मी वाट पाहिली, त्याला रोट खाऊ दिला आणि मग ताब्यात घेतले. त्याने हात झटकलासुद्धा नाही.

आबांची एक वेतनवाढ गेली, पण नोकरी वाचली. मूळ गुन्ह्यात मुलाला पुढच्याच तारखेला जामीन मिळण्याची चिन्हे होती. थोडा धीर धरला असता तर तो पुढच्या दाराने घरी आला असता. आता पलायनाची शिक्षा वेगळी भोगावी लागणार होती. कोठडीचे कुलूप मजबूत असावेच. पण माणूस कशाच्या ओढीने पळतो हे ज्याला कळते, तोच त्याला परत आणतो. हे मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगितले.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. जीप निघताना आई माझ्याजवळ आली. ती रडली नाही, मला दोषही दिला नाही.

"साहेब," तिने विचारले, "आते पुढला साल कितला जणसना रोट लेऊ?"

मी दोन बोटे दाखवली. तोंडाने सांगायची माझी हिंमत झाली नाही.