बापानं मारलेली रेघ

लिंबाजी काकाला आयुष्यभर कुणी पुरावा मागितला नव्हता. मजुराला कोण मागतो? दुसऱ्यांच्या विहिरी खोदून झाल्या, कापूस वेचून झाला, भुजंगरावांच्या मळ्यात सालगडी म्हणून राबता राबता केस पांढरे झाले. तेवढ्याला मनगट असलं की भागतं. पण नात बबिताचा नर्सिंगला नंबर लागला आणि हा माणूस कोण, कुठला, कुणाचा, हे सरकारला एकाएकी जाणून घ्यावंसं वाटू लागलं.

जात पडताळणीचा दाखला मुदतीत दिला नाही तर प्रवेश रद्द होणार होता. दाखल्यासाठी पन्नास सालाच्या आधीचा कागद हवा, काकाच्या बापाचा नाहीतर आजाचा, आणि त्यावर जात लिहिलेली हवी. बबिताचा बाप नागेश पुण्यात कंपनीत हमाली करतो, त्याला सुट्टी नाही. मी काकाची शेजारीण, धम्मशीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. कागद मला कळतात असा वस्तीचा समज आहे, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात पडलं.

पालमच्या कचेरीच्या अभिलेख कक्षात आम्ही उंदरांच्या लेंड्या झटकत बसलो. निजामाच्या काळातले कागद उर्दूत, ते वाचून द्यायला एक म्हातारे वकील आणले होते. भुजंगरावांचं घराणं तिथं पानोपानी होतं. कुठल्या बांधावर त्यांचे किती आंबे, तेसुद्धा होतं. जनावरांच्या रोगाच्या एका बुकात गावातल्या मेलेल्या बैलांचे रंग होते, शिंगांची वळणं होती. आणि माणसांच्या मरणाच्या बुकात वकिलांनी एक ओळ वाचली, ‘महार, एक, पटकीने मयत.’ नाव नाही, वय नाही.

“ह्यो माझा आजाच असंल,” काका म्हणाला. “पटकीनंच गेला म्हणत्यात.”

“असंल चालत नाही, आजोबा,” कारकून मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

बैलाची शिंगं लिहायला शाई होती आणि माणसाच्या नावाला नव्हती. मी उठून बाहेर चहाला निघून गेले.

शेवटी कागद सापडला तो गावच्या शाळेत. काकाचा बाप, भिवाजी, निजामाच्या राज्यात वर्षभर त्या शाळेत होता. होता म्हणजे ओसरीच्या खाली, चपला काढायच्या जागेशेजारी. जुन्या मराठी रजिस्टरात त्याचं नाव निघालं. पण जातीच्या रकान्यात मूळ शब्दावर जाड आडवी रेघ होती आणि वर लिहिलं होतं, ‘बौद्ध’. त्या पानावर तशा आणखीही रेघा होत्या.

ती रेघ बघून काका इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. बोलायला लागला तर थांबेचना.

“छप्पन सालाला धम्म घेतला न्हाई का, तवाची गोष्ट. बाप वस्तीतली समदी माणसं घेऊन शाळंत आला. ज्येची ज्येची नावं हितं व्हती, ती समदी. मास्तर म्हनाला, जुन्या नोंदीला हात लावता येत न्हाई. बाप म्हनाला, तुमी मारत नसाल तर टाक द्या हिकडं, आमी मारतो. आन् मारली! अशी दाबून मारली की पल्याडच्या पानावर उमटली बघ.”

मी पान उलटून पाहिलं. खरंच उमटली होती. भिवाजी बाबांना बिचाऱ्यांना काय माहीत, की ज्या शब्दाला आपण गाडून टाकतोय तोच शब्द पणतीला हात पसरून मागावा लागणार आहे. आपण सोडलं की सुटलं, असं त्यांना वाटलं होतं. सरकार आजही पहिली खूण तीच मागतं.

रजिस्टराची नक्कल घेऊन आम्ही पुन्हा कचेरीत गेलो, या वेळी बबिताही होती. साहेबांनी पान लांब धरून पाहिलं. “खाडाखोड आहे. कुणाची सही नाही, शिक्का नाही.” आणि कारकुनाकडे बोट केलं.

कारकुनाने खण उघडला. शपथपत्राचा मसुदा आधीच टाइप करून ठेवलेला होता, नावाची जागा तेवढी कोरी. मी मोठ्याने वाचला. “माझ्या वडिलांनी अज्ञानापोटी व बेकायदेशीरपणे शाळेच्या अभिलेखात खाडाखोड केली. सदर कृत्य चुकीचे असून मूळ नोंद ग्राह्य धरावी.”

काका खुर्चीवरून उठला. “अज्ञान कसलं, सायब? शहाणपण आलं म्हनून तर मारली!”

“आजोबा, कायद्याची भाषा आहे ती. मनाला लावून घेऊ नका,” साहेब म्हणाले.

“मंग असं लिवा. बापानं रेघ मारली, शुद्धीत मारली, पर आमी जातीनं तेच व्हतो. ह्ये खरं हाय. ह्येच्यावर सही करतो.”

“तसा नमुना नाही,” कारकून म्हणाला. “भांडायचं तर कोर्टात जा. मुदत मात्र शुक्रवारी संपतीय.”

बबिताने काकाचा हात धरला. “आबा, करू नका सही. मी दुसरं कायबी शिकते. शिवनक्लास करते.”

काकाने तिच्याकडे पाहिलं, मग मसुद्याकडे. पुन्हा खुर्चीवर टेकला आणि एकेक अक्षर जुळवत सही केली. कारकुनाने कागद उचलून उजेडात धरला. “जरा ठळक करा, फिकी उठलीय.” काकाने पुन्हा गिरवली. मला त्या कारकुनाच्या टेबलावर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, मलाही नोकरी आहे. माझीच मला शिसारी आली.

पालमहून शेवटची एसटी धरून आम्ही गावी आलो. काका घरी न जाता विहाराकडे वळला, मीही मागोमाग गेले. विहारात संध्याकाळची वंदना नुकतीच संपली होती, माणसं सतरंजीवरच बसून होती. काका दारात उभा राहिला, डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

“ऐका,” तो म्हणाला. “माझ्या बापानं शाळंत रेघ मारली व्हती. आज मी सरकारात लिवून दिलंय की त्यो अडाणी व्हता आन् चुकला. नातीपायी दिलंय. दुसऱ्या कुनाकडून कळायच्या आधी माझ्याच तोंडानं सांगायलोय. काय शिव्या द्यायच्या त्या द्या.”

कुणी शिवी दिली नाही. माणसं एकमेकांकडे बघेनात, सतरंजीकडे बघायला लागली. मग भिंतीला टेकलेली बायनाबाई बोलली. तिचा नातू तलाठी आहे.

“लिंबा, बस खाली. माझ्या मालकानंबी तेच लिवून दिलंय. सासऱ्याला चुकीचं म्हनून.”

“आमच्या घरानंबी,” मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक, मग आणखी एक. ज्या ज्या घरातलं लेकरू शिकून नोकरीला लागलं होतं, ते प्रत्येक घर गुपचूप त्या कारकुनापुढे जाऊन आलं होतं.

काका उभाच होता. “मंग मला का न्हाई सांगितलं कुनी?”

“कुन्या तोंडानं सांगावं?” बायनाबाई म्हणाली. “तुझ्याच बापाच्या मागं जाऊन मारल्या व्हत्या नव्हं त्या रेघा?”

माझे वडीलही तिथंच सतरंजीवर बसले होते, मी त्यांच्याकडे पाहिलं. माझा पडताळणीचा दाखला त्यांनीच धावपळ करून आणला होता. कागद कसा मिळाला हे मी तेव्हा विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही. त्यांनी मान वर केली आणि काकाला म्हणाले, “लिंबाजी, धम्मशीलाच्या वक्ताला मीबी. सही फिकी उठली व्हती, मलाबी गिरवायला लावली.”