‘छान’ सोडून काहीही

“भाषा हा माणसाचा तिसरा डोळा आहे,” असे बाई दर वर्षी पहिल्या दिवशी गंभीरपणे सांगत, आणि लगेच मुलांना असलेले दोन्ही मिटायला लावत. मग त्यांची कापडी पिशवी वर्गातून फिरे. “हात घाल. कसं लागतं ते सांग. छान सोडून काहीही.”

साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका पाड्यावर आमची दोन शिक्षकांची शाळा होती. दुसरा मी. एकच मोठी खोली, मध्ये कपाट. कपाटाच्या पलीकडून मला बाईंची विशेषणे ऐकू येत. पिशवीत एरंडीचे बोंड असे, सीताफळ असे, विझलेला कोळसा असे. एकदा त्यांनी बाजरीची भाकर ठेवली.

“कडक शे,” एक मुलगी म्हणाली.

“कडक का शिळी?”

ते नक्की करायला तिने तुकडा मोडून खाल्ला. शेजारणीनेही खात्री करून घेतली. विशेषण ठरेपर्यंत नाम संपले होते. दुसऱ्या दिवसापासून बाई पिशवीत रोज भाकर ठेवू लागल्या. अभ्यासक्रमात तिची गरज नव्हती.

‘छान’ आणि ‘चांगलं’ या शब्दांवर त्यांचा राग होता. “हे शब्द न बघता बोलायचे आहेत,” त्या म्हणत. आपण समारंभांना बसलेली माणसे आहोत, तेव्हा त्यांचे म्हणणे तुम्हालाही पटेल.

संख्याविशेषणासाठी त्या घरची माणसे विचारत. पावसाळ्यात उत्तर येई, “सहा माणसं.” दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले की तेच पोर म्हणे, “एक आजी.” बाई दोन्ही उत्तरे बरोबर धरत. सार्वनामिक विशेषण सगळ्यात सोपे गेले. ‘आमची’ म्हटले की पोरे ‘शाळा’ म्हणून मोकळी होत.

मग कमी पटाच्या शाळा बंद करण्याचे वारे सुटले. आमचा पट कमी होता. पुढची शाळा नाल्यापलीकडे, आणि पावसाळ्यात त्या नाल्यात मोठी माणसेही उतरत नसत. एक साहेब पाहणीला येणार आणि त्यांच्या अभिप्रायावर शाळा राहणार की जाणार ते ठरणार, असे कळले. शाळा समितीचे आबा बाईंना म्हणाले, “अक्का, पोरेस्ले जरा गोड बोलाले शिकाडा.”

बाईंना शाळा हवी होती. आदल्या दिवशी त्यांनी मन घट्ट करून वर्गाला सांगितले, “साहेबांनी विचारलं तर शाळा छान आहे म्हणायचं.”

“छान म्हंजे कशी?” एका मुलीने विचारले.

बाईंनी पाढे घेतले.

साहेब आले. हार झाला, श्रीफळ झाले, पाड्याच्या प्रगतीवर भाषणही झाले. मग ते पोरांकडे वळले. “काय बाळांनो, शाळा कशी आहे तुमची?”

सगळ्या वर्गाने डोळे मिटले. साहेबांना वाटले, प्रार्थना सुरू होते आहे.

“गयस,” पहिला आवाज आला.

“गळते म्हणतोय, साहेब,” बरोबरच्या कारकुनाने सांगितले.

“अंधारी शे.”

“भिंती वल्या शेतस.”

कपाटाशी उभ्या असलेल्या बाई बोटांनी पदराचे टोक पिळत होत्या. साहेब मात्र खुश झाले. “आणि बाई कशा आहेत?”

“म्हातारी शे,” एक जण म्हणाला. दुसरीने भर घातली, “हात खरबरीत शेतस.”

साहेब मनापासून हसले. “मुलांची निरीक्षणशक्ती फार छान आहे,” ते बाईंना म्हणाले. दिवाळीच्या आत आदेश आला. इमारत गळकी, अंधारी आणि ओलसर असून विद्यार्थ्यांच्या जिवाला धोका आहे, सबब शाळा बंद. तपशिलात एकही चूक नव्हती.

आबा आदेश ऐकून म्हणाले, “पोरे खोटं नही बोलनात, अक्का. हाईच चुकनं.”

बाई म्हणाल्या, “त्यांचं नाही चुकलं, आबा.”

मुले कागदावर नाल्यापलीकडच्या शाळेत गेली. प्रत्यक्षात काही मुली त्या हंगामात आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेल्या आणि नंतर कुठल्याच शाळेत दिसल्या नाहीत. बाईंना धुळ्याजवळच्या मोठ्या शाळेत पाठवले. एकदा भेटायला गेलो तेव्हा फळ्यावर ‘चांगला मुलगा, सुंदर फूल, पाच आंबे’ असे लिहिलेले होते. पिशवी खुंटीला होती.

“पिशवी फिरत नाही का आता?”

“शेवटच्या पोरापर्यंत पोचायच्या आत घंटा होते, भाऊ.” त्यांनी हातावरचा खडू झटकला. “आणि इथली पोरं छान छान बोलतात. साहेब आले की बरं पडतं.”

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. सांगायला मी पाड्यावर गेलो. आबा शाळेच्याच ओट्यावर बसले होते. म्हणाले, “बाईनी पोरेस्ले जीव लाया व्हता.”

शाळेवर आता नवे पत्रे आहेत. भिंतींना आतून-बाहेरून प्लास्टर झाले आहे, एक नवी खिडकीही पाडली आहे. आत रेशनचा गहू ठेवतात. गहू भिजून चालत नाही.