झऱ्यातले लाल मासे

जाळ्यातला प्रत्येक लाल मासा बर्फाच्या पाण्यात सोडताना नाना हळूच म्हणत, "स्लिखा, बाय." स्लिखा म्हणजे हिब्रूत 'माफ कर'. बाय मात्र आपल्या कोकणातली.

नाना इस्रायलमधल्या रामले गावचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे कोकणातले यहुदी, तरुणपणी अलिबागकडून आलेले. नव्वदच्या दशकात मी झऱ्यांच्या अभ्यासासाठी बेर्शेबाच्या विद्यापीठात गेलो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. परक्या मुलखात मराठी कानावर पडली आणि मला भरून आलं. डबा उघडला की नाना आधी मला वाढत. "खा रे बाळा, विद्वानालापण भूक लागते."

माझा अभ्यास ज्या झऱ्यावर होता, त्याच्या डोहाची सफाई त्यांच्याकडे होती. तिथं शोभेचे लाल मासे माजले होते. मूळच्या करड्या मासोळ्यांची अंडी-पिल्लं ते फस्त करत. लाल मासे पुरते निघाल्याशिवाय मासोळी वाचणार नव्हती. बर्फाच्या पाण्यात मेलेले मासे आम्ही डोहापासून लांब खड्ड्यात पुरत असू. माती लोटली की नाना वर एक खडा ठेवत, यहुदी माणसं कबरीवर ठेवतात तसा.

"माशांनाही?" मी एकदा विचारलं.

"तुझ्या नानीचे आहेत ते."

हॉस्पिटलात जाताना नानीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, काचेच्या भांड्यातली लाल माशांची जोडी त्यांच्या हाती दिली होती. म्हणाली होती, "मी काय आता परत येत नाही. यांना उघड्या पाण्यात सोडा, पुण्य लागेल." त्यांनी ती याच डोहात सोडली. नानी गेली, मासे वाढत राहिले.

"डोहाच्या ऑफिसात सगळं सांगितलं मी. म्हटलं, माझ्या हातानं सोडले, माझ्याच हातानं काढतो."

सोबतचे कामगार चिडवत, "नाना, आज किती मेहुणे पकडले?" नानाही हसत. "तिच्यापेक्षा यांनीच मला जास्त पळवलं!"

तिसऱ्या उन्हाळ्यात डोहात एकच लाल मासा दिसत राहिला. एका सकाळी तो जाळ्यात आला. नाना गुडघाभर पाण्यात तसेच उभे राहिले. जाळं काही वर येईना. मी हात पुढे केला.

"नको. हे माझं काम."

मग त्यांनी जाळं उचललं. त्या दिवशी स्लिखा म्हणाले नाहीत. नुसतंच, "बाय."

पुढच्या वसंतात डोहात करडी पिल्लं दिसली. मी धावतपळत रामल्याला गेलो. "फर्स्ट क्लास!" म्हणून नानांनी माझी पाठ थोपटली, चहा केला. मी म्हटलं, "चला ना, दाखवतो." ते खुर्चीतून हलले नाहीत.

"तू बघ, बाळा," ते म्हणाले. "तिथं आता माझं कोण आहे?"