सासूबाईंची राखण

तिथे शांत राहायचं, एवढं एकच मी सासूबाईंना वाटभर बजावलं होतं. पक्षी बघायची हौस माझी. त्या आल्या होत्या घरात बसून कंटाळल्या म्हणून.

पाणथळीच्या अभयारण्यात पोहोचलो, तर दहाबारा माणसं कॅमेरे रोखून, श्वाससुद्धा जपून घेत उभी. समोरच्या हिरव्या गवतात जांभळ्या पाणकोंबड्या निवांत चरत होत्या. मी दुर्बीण डोळ्यांना लावते न लावते तोच कानाशी टाळी वाजली.

"हाऽऽड! हाऽऽड! मेल्यांनी सगला भात खाल्ला!"

सगळ्या पाणकोंबड्या फडफडत उडाल्या. सगळे कॅमेरे आमच्याकडे वळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आमचं पालेगावचं शेत बिल्डरकडे जाईपर्यंत सासूबाईंनी दर वर्षी भाताची राखण करताना हेच तर केलं होतं.

गार्ड धावत आला. "आजी, आवाज नको. मी आहे ना राखणीला!"

"मंग पाखरं हाकलत का नाय?"

"अहो, मी पाखरांचीच राखण करतो."

त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. परतताना मला दोनदा विचारलं, "पाखरांची? नक्की?"

परवा सकाळी आमच्या टॉवरमागे, त्यांच्याच जुन्या शेतात साचलेल्या पाण्यावर एक जांभळी पाणकोंबडी उतरली. बाल्कनीत उभ्या असलेल्या सासूबाईंचा हात वर गेला. आता टाळी वाजणार, म्हणून मी घरातूनच किंचाळले, "आई, नको!"

पाणकोंबडी उडाली. सासूबाई माझ्याकडे वळल्या, तेव्हा त्यांचं बोट ओठांवर होतं.

"तुला जरा गप रावता येत नाय का गं?"