एस्तेरला वाचून दाखवताना

देव आहे की नाही, अशी शंका मला कधी आली नाही. शंका होती ती माझ्याच लायकीची. मी रेणापूरकडच्या शेतकरी घरातली, रोज देवापुढे दिवा लावणारी. बायबल कधी हातातही घेतलं नव्हतं. आणि ते एस्तेरला वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली होती.

एस्तेर आणि मी लातूरला एकाच शाळेत शिकवायचो. निवृत्त झाल्यावरही आमचा शेजार सुटला नाही. गेल्या वर्षी तिचे यजमान वारले. त्यांच्या आजारपणात ती किती कळवळून प्रार्थना करायची, ते मी पाहिलं होतं. ते गेले आणि तिचं चर्चला जाणंही थांबलं. पुढे तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशन लांबवू नका म्हणून सांगितलं. नांदेडला राहणारी तिची लेक विनवून थकली, पण एस्तेर ‘न्हाई’ या शब्दापलीकडे जात नव्हती. जेवण तुटलं, झोप उडाली. शेवटी लेकीने मला फोन केला. म्हणाली, मावशी, आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, तुम्ही तरी तिला बायबल वाचून दाखवा.

मी विचारलं तेव्हा एस्तेर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, “वाच, तुला वाचायचं तर. पण देवाचं नाव माझ्यापुढं घ्यायचं न्हाई.”

धर्मग्रंथ वाचायचा आणि देवाचं नाव घ्यायचं नाही, हे जमायचं कसं? पहिलं पान उघडलं, तर पहिल्याच ओळीत देव. मधलं एक उघडलं, तर अमक्याचा मुलगा तमका अशी लांबलचक वंशावळ. पुढे स्तोत्रं होती, ती तर त्यालाच हाका मारणारी. मग मी अनुक्रमणिका काढली आणि एकेक नाव वाचत गेले. त्यात ‘एस्तेर’ दिसलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तिच्या नावाचं पुस्तक या ग्रंथात आहे, हे मला ठाऊक नव्हतं. काय असेल त्यात, या कुतूहलापोटी मी तिथून सुरुवात केली. देवाचं नाव आलंच तर तेवढं गिळायचं, असं मनाशी ठरवलं.

गोष्ट निघाली एका पोरक्या मुलीची. परक्या देशात ती राणी होते. एक दरबारी तिच्या लोकांच्या जिवावर उठतो. त्यांना वाचवायचं तर राजाकडे जायला हवं, पण न बोलावता त्याच्यापुढे जाणाऱ्याला मरणाची शिक्षा. पुढचं मला माहीत नव्हतं, म्हणून मीच मध्ये मध्ये विचारायची, मग ही जाते का गं? एस्तेरचं तोंड हळूहळू माझ्याकडे वळलं होतं. राणी सगळ्यांना आपल्यासाठी उपास धरायला सांगते आणि मरणाची तयारी ठेवून निघते, त्या जागी पानात बोट ठेवून मी थांबले.

“लई भ्याली असंल ती,” एस्तेर म्हणाली.

“भ्याली असंल. तरी गेली.”

त्यावर ती उठून बसली. आणि त्या संध्याकाळी तिने अर्धी भाकरी मागून घेतली आणि ऑपरेशनसाठी नांदेडला येते म्हणून लेकीला कळवलं.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी तिचं बायबल मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी हदगावकडचे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांची बायको तिथेच भरती होती. माझ्या कपाळावरचं कुंकू आणि हातातला ग्रंथ पाहून त्यांनी चौकशी केली. वेळ जाता जात नव्हता, म्हणून मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग बाई, देवाचं नाव किती वेळा गिळलंत?”

मी आठवू लागले. एकदाही गिळावं लागलं नव्हतं.

“लागणारच न्हाई,” ते म्हणाले. “तेवढ्या पुस्तकात त्याचं नाव कुठंच न्हाई.”

 मी तिथेच पानं चाळत बसले. मान वर केली तोवर त्यांना वॉर्डात बोलावणं आलं होतं. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

ऑपरेशन नीट झालं. एस्तेरला थोडं बोलता येऊ लागल्यावर मी तिला हे सांगितलं. वाटलं होतं, ती चकित होईल. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “मला ठाऊक होतं. तू तेच पुस्तक काढलंस, तवाच मी त्याच्यापुढं हरले.” हरले म्हणताना तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल पडला.

उपचार अजून चालू आहेत. पुढे काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही. संध्याकाळी घरचा दिवा लावून मी तिच्याकडे जाते. सध्या आम्ही येशूच्या जन्मापासून वाचून राहिलोत. माझे प्रश्न संपत नाहीत, आणि पुष्कळशांची उत्तरं तिलाही येत नाहीत. तेव्हा आम्ही पुढचं पान उलटतो. सगळं कळल्यावरच देवापुढे जावं, असं मी जन्मभर समजत आले होते. आता न कळताही जाता येतं, एवढं कळलं. त्यासाठी त्याचे उपकार किती मानू?