देवघरातली कुंभारीण

मंडळी, कधी एकदा तुम्हाला सांगतो असं झालंय!

आज सकाळी शेणवे गावच्या आमच्या घरी देवघर झाडताना बायकोच्या हातून कुंभारीण माशीचं मातीचं घरटं फुटलं. लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं, ही माशी अळीला कोंडून गुणगुणते आणि तिच्या ध्यासाने अळीचीच माशी होते. मी ते खरंच मानत आलो. कालच एका मराठी कीटक-ब्लॉगवर वाचलं, की अळी ही माशीने पिल्लासाठी ठेवलेली शिदोरी. आज वाकून पाहिलं, तर पांढरं पिल्लू हिरवी अळी खात होतं!

"म्हंजे कीर्तनातला ध्यास खोटा का वो?" बायकोने विचारलं.

"खरा हाय गो. पण तो आईचा."

शेजारचं दुसरं घरटं तिने राहू दिलं. तुम्ही काय केलं असतं?